घंटेचा एक टोला

आमच्या गावातून स्पोर्ट्स कारची शर्यत जायची, तेव्हा बघायला अख्खी सिसिली लोटायची. खाली घाटात गाडी दिसली की चर्चच्या घंटेचा एक टोला पडायचा आणि सगळा गाव पाठीनं भिंतीला चिकटायचा.

पुढे शर्यत बंद झाली. घंटेचा दोरही कुजून गेला. तरी मे महिन्यातल्या त्या रविवारी टोला पडतोच. आम्ही भिंतीला चिकटतो. गाडी येत नाही. मग आपापल्या घरी जातो, कुणी कुणाला विचारत नाही.

यंदा माझी नवी सून नुन्झिया शेंगांची टोपली घेऊन रस्त्याच्या मधोमध होती, आणि टोला पडला.

"बाजूला हो, पोरी!" मी ओरडलो.

"काय हो मामंजी! रस्ता रिकामाय की. पालीसारखे काय चिकटलाय सगळे?"

तिला ओढायला मी पुढे झेपावलो. पाठ भिंतीपासून सुटेना. शेजारी माझा मुलगा, तिचा नवरा, नुसता हातपाय झाडत होता.

वारा नव्हता. चर्चच्या पताका लोंबत होत्या. फक्त नुन्झियाचे केस मागे उडायला लागले.

वळणाकडे बघता बघता तिचं हसू गेलं.

"मामंजी," ती म्हणाली, "हा ब्रेक का मारत नाहीये?"