ॲटलासवरचं बोट

कल्पना करा मुलांनो, माणदेशातल्या एका ओट्यावर तुम्हीही बसलाय. सांगलीची हळद दिल्लीला नेणाऱ्या राजरत्नच्या ट्रकचा ठिपका त्याची लेक पिंकी मोबाईलवर पाहते, तर जुने ड्रायव्हर असलेले आबा रस्त्यांच्या फाटक्या ॲटलासवर बोट सरकवतात. पुढचं गाव आधी कोण सांगतं, ही रोजची शर्यत. “आबा, तुमचा नकाशा झोपला! पप्पा मागं फिरलं, फलटण वलांडलं बी!” आबांचं बोट सकाळपासून हललं नव्हतं. पहाटेच फोन आलेला: घाटात ट्रक उलटला, राजरत्न गेला. त्याला ॲम्ब्युलन्समधून आणणाऱ्या सोबत्याच्या खिशात राजरत्नचा मोबाईल होता; ठिपका त्याचाच. पोरीला सांगायला आबांची जीभ रेटत नव्हती. “बोट हलवा की वो, आबा!” “न्हाई हलत, बाय.” ठिपका दारात थांबला, ॲम्ब्युलन्सही. पिंकीनं मोबाईल खाली ठेवला, आबांचं बोट हळूच उचललं आणि त्याखालचं घाटाचं नाव वाचलं.