पांढरी फरशी

लोह्याजवळच्या एका वाडीतल्या शाळेत सरकारी निधीतून मुलींसाठी संडास बांधून झाला, पांढऱ्याशुभ्र फरशीचा. तपासणीआधी घाण झाला तर पुढचा निधी अडकेल, म्हणून हेडमास्तर शेषेराव सरांनी त्याला कुलूप घातलं. तपासणी लांबत गेली. पहिलीतल्या पोरी तिसरीत गेल्या आणि मधल्या सुट्टीत शाळेमागच्या तुरीतच जात राहिल्या.

एकदाची तारीख आली. त्या सकाळी सरांनी कुलूप काढलं, बादली भरून ठेवली आणि पोरींकडून उत्तर पाठ करून घेतलं.

"रोज वापरता ना गं?" जिल्ह्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं.

"हाव मॅडम, रोज," पोरी एका सुरात म्हणाल्या.

"लई स्वच्छ ठेवतेत आमच्या पोरी," सरांनी जोड दिली.

मॅडम खूश झाल्या. तिसरीतल्या शिवांगीला म्हणाल्या, "चल बेटा, तूच दाखव मला."

शिवांगी पुढं झाली आणि दाराशी थांबली. देवळात जाताना काढतात तशा तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या, मगच आत पाय टाकला.



मॅडम त्या चपलांकडं बघत राहिल्या, आणि सर जमिनीकडं.