डावखुऱ्या रेघा

डोळ्यांसमोर आणा, मुलांनो: फोन तुमच्या हातात आहे आणि तुमच्या चित्राखाली लाल बदाम भराभर वाढताहेत. ठिपकीचं नेमकं तेच चाललं होतं. लाडक्या जपानी ॲनिमे कार्टूनमालिकेतली पांढऱ्या केसांची योद्धी तिने कागदावर उतरवली आणि सकाळी फोटो टाकला होता.

तरी तिचं लक्ष बदामांकडे नव्हतं. चित्राखाली एका अनोळखी मुलीने लिहिलं होतं, ‘हे माझं चित्र. कोपऱ्यातली माझी सही कुठे गेली?’ आणि ठिपकीचे चाहते त्या मुलीवरच तुटून पडले होते. ‘चोर तर चोर, वर शिरजोर!’

“आजोबा, ही बघा, मला चोर म्हणते!”

आजोबांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी चित्र मोठं केलं. बोट सावलीच्या रेघांवर थांबलं.

“ठिपके, तू डावखुरी कधी झालीस गं?”

“मी? छे!”

“उजव्या हाताची तिरपी रेघ वर जाताना उजवीकडे झुकते. या सगळ्या डावीकडे झुकल्यात. एकूण एक.”

खिडकीच्या काचेवर त्या मुलीच्या चित्रावर कागद धरून ठिपकीने रेघ न् रेघ गिरवली होती. सही तेवढी सोडली होती.

“पण योद्धी तरी तिची कुठेय?” ती उसळली. “तिनेही ॲनिमेतूनच उचलली ना!”

“उचलली. मग लपवलं का तिने?”

लपवलं नव्हतं. योद्धी मूळ कोणाची, ते तिने सहीच्या वर स्वच्छ लिहिलं होतं. ठिपकीने तेही सोडलं होतं.

फोन थरथरला. त्याच मुलीचा निरोप होता. ‘मीच माझं चित्र काढून टाकते. पुन्हा काही काढणार नाही. फक्त तुझ्या या चाहत्यांना थांबव.’

आजोबांनी फोन परत दिला आणि चष्मा पुसत बसले.

ठिपकीने चित्राचा कागद पुढे ओढला. रिकाम्या कोपऱ्यात योद्धी मूळ कोणाची ते लिहिलं. त्याखाली त्या मुलीचं नाव. तिसरी ओळ जरा वाकडी आली: ‘गिरवणारी – ठिपकी.’

मग तिने कोपऱ्याचा फोटो काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टाकला.