बरोब्बर एकशेवीस

थीम पार्कच्या सहलीचा बेत ताईनं आखला होता. जेवणाचा खर्च वाचला तरच दुसऱ्या रात्रीचा मुक्काम परवडणार होता. सगळी मदार होती चौघांचं एकटा जेवणाऱ्या धाकट्यावर: रिसॉर्टमध्ये एकशेवीस सेंटिमीटरपर्यंतची मुलं फुकट जेवतात. पण तो वर्षभर दाराच्या चौकटीला लटकत होता, कारण रोलरकोस्टरला निदान एकशेवीस उंची लागते. जेवणघराच्या दारातल्या पट्टीखाली तो छाती फुगवून उभा राहिला. “मान ताणू नकोस, माकडा!” ताई कुजबुजली. “ताणणार! मला रोलरकोस्टरमध्ये बसायचंय!” आईनं डोळेच मिटले. दारावरच्या काकांनी त्याचे उभे केस तळहातानं दाबले, चष्मा वर करून आकडा वाचला. “एकशेवीस. बरोब्बर.” “म्हणजे जेवण फुकट?” ताईनं विचारलं. “हो.” “आणि माझी राइड?” “बस की!” ताईचा जीव भांड्यात पडला. धाकट्याला कवटाळून ती म्हणाली, “परवापर्यंत केसभर जरी वाढलास, तर बघ!”