शेजारची फरशी

लढाईच्या खेळात टेलरमास्तरांच्या बायकोला हरवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. दुकान बंद केल्यापासून दोघं रोज दुपारी पट मांडून बसत. एक नियम मास्तर हमखास विसरत: शत्रूच्या शेजारच्या घरात आलं की सैन्याने तिथेच थांबायचं. चाल संपली.

एकदा चहा घेऊन येताना ती खोलीच्या मधोमध थबकली.

"अगं, काय झालं?"

"पाऊलच पुढे पडेना."

मास्तर हसले. "शत्रू शेजारी आला वाटतं!"

ती हसली नाही. बाजूच्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. मग ओट्यापाशी. डॉक्टरांनी तपासलं, पाय ठणठणीत निघाले. तिचं घर मात्र रोज थोडंथोडं आखडत गेलं. शेवटी तिला पलंगावरून उठताच येईना.

"आज मीच तुला पटापर्यंत नेतो," म्हणत मास्तर हात पसरून निघाले, आणि पलंगाच्या अलीकडे त्यांचा पाय जागीच खिळला. समोरच्या फरशीवर उन्हाशिवाय काही नव्हतं.

त्यांनी हात लांबवला. तिनेही लांबवला. मध्ये वीतभर अंतर उरलं. जन्मभर कापड मापलेल्या मास्तरांना ते नजरेनेच कळलं.

"नका हो धडपडू," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमची चाल संपली. आता त्याची आहे."