बापावर गेलेलं पोर

निशाचे पप्पा हात उगारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचे. तो 'टक्' आवाज झाला की घरातले सगळे भिंतीला चिकटायचे.

निशाला खरी धास्ती होती ती धाकट्या जयेशची. पप्पांचंच नाक, पप्पांचीच चाल. गल्लीतल्या बाया कौतुकाने म्हणायच्या, "पोऱ्या एकदम बापवर गया." ते ऐकून निशा जयेशच्या मनगटाकडे बघायची. उद्या हाही घड्याळ काढायला लागला तर? आणि आपण?

"तू काब्र घाबरस?" आई तिला जवळ घेऊन म्हणाली होती. "तुन्हा बाप दुसरा व्हता. तुन्हा आंगमा यास्नं रगत नही शे."

तेव्हापासून निशा स्वतःपुरती निर्धास्त होती.

आज जयेशने तिच्या विज्ञान प्रदर्शनाच्या मॉडेलवर रंगाचं पाणी सांडलं. ती ओरडलीसुद्धा नाही. शांतपणे म्हणाली, "जयेश, इकडे ये."

जयेश भिंतीला चिकटला. तो तिच्याकडे बघतच नव्हता, फ्रिजकडे बघत होता. निशाने वळून पाहिलं. तिथे तिचं गुलाबी पट्ट्याचं घड्याळ होतं. ते कधी काढलं, तिला आठवेना.

"ताई," जयेश रडवेल्या आवाजात म्हणाला, "घड्याय घाली ले ना."