घरघर

देवीच्या टेकडीवर पवनचक्क्या येणार होत्या. ‘त्यांची घरघर नको’ म्हणून बोट क्लबच्या सभेत विरोधासाठी सगळ्यांचे हात वर गेले. वर गेला नाही तो फक्त दादूकाकांचा, क्लबची बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांचा. चिटणीस प्रणालीला काही राहवेना. सभा उठल्यावर तिनं त्यांना गाठलंच.

“काका, तुम्हाला हवीय ती घरघर?”

“कोणाला सांगू नकोस, पोरी. हल्ली मला किनारा दिसत न्हाय. पहाटे बोट आत आणतो ती टेकडीवरच्या आवाजावर.”

“टेकडीवर कसला आवाज?”

“तू नेमानं देवीची घंटा वाजवतेस ना, तिचाच. पण माघात तू सासरी चाललीस, माणगावला.”